एकाचा कापूस, दुसऱ्याची पावती: बीनच्या स्कोपचा घोळ परत परत का होतो

दिवाळी झाली, जिनिंगचा सीझन भरात आला की आमच्या जळगावच्या ऑफिसातला फोन सकाळपासून वाजतो. त्या दिवशी साडेआठला वाजला. धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावरचे आप्पा होते.

"काय भो, तुमचं सॉफ्टवेअर येडं झालं का? ट्रॅक्टर एकाचा अन् पावती दुसऱ्याच्या नावावर. शेतकरी समोर उभा आहे, त्याला काय सांगू मी?"

वजन बरोबर होतं. नाव आणि गाव मात्र शेजारच्या काट्यावर त्याच वेळी उभ्या असलेल्या छोट्या हत्तीवाल्याचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा काही बारीकसारीक 'बग' नाही. क्विंटलमागे चार रुपये इकडेतिकडे झाले तरी तो भांडतो, आणि इथे अख्खी गाडीच दुसऱ्याच्या खात्यावर. आम्ही दुपारपर्यंत दुरुस्ती चढवली आणि आप्पांना सांगितलं, आता कायमचं मिटलं. त्या एका सीझनमध्ये आम्ही ते 'कायमचं' चार वेळा मिटवलं. दर वेळी रूप वेगळं, मूळ एकच. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. आमचं सॉफ्टवेअर जावातल्या स्प्रिंग या फ्रेमवर्कवर आहे. प्रोग्रॅममधल्या ज्या वस्तू (ऑब्जेक्ट) स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतो त्यांना बीन म्हणतात, आणि ती वस्तू किती काळ जगते, कोणाकोणात वाटली जाते हे तिचा स्कोप ठरवतो.

तुमच्याकडे कापूस नसेल, पण लक्षणं ओळखीची वाटतील. एका माणसाला दुसऱ्याची माहिती दिसते. तुम्ही एकट्याने तपासलं की सगळं चोख चालतं. गर्दीच्या वेळीच बिघडतं, आणि लॉगमध्ये एकही एरर नसते.

पहिला घोळ: कंट्रोलरमधलं फील्ड

आमच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ब्राउझरकडून आलेली मागणी (रिक्वेस्ट) हाताळणाऱ्या क्लासमध्ये, वरच एक ओळ होती: 'प्रायव्हेट गाडी चालूगाडी'. हे फील्ड, म्हणजे वस्तूने स्वतःजवळ ठेवलेली माहिती; आणि मेथड म्हणजे क्लासमधलं एकेक काम. ऑपरेटरने शेतकऱ्याचा नंबर टाकला की पहिली मेथड नाव-गाव शोधून चालूगाडीत भरायची. मग काट्याच्या डिस्प्लेवरून वजन मागवायचं. ट्रॅक्टर काट्यावर चढल्यावर आकडा हलतो, तो स्थिर व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. आकडा थांबला की शेवटची मेथड चालूगाडीतून नाव काढून पावती छापायची.

त्या दोन-तीन सेकंदांतच सगळं बिघडत होतं.

स्प्रिंगला तुम्ही काही वेगळं सांगितलं नाही तर प्रत्येक बीन सिंगलटन असते. @रेस्टकंट्रोलर असो की @सर्व्हिस (@ लावलेले हे शब्द म्हणजे कोडवर लावायच्या खुणा, ॲनोटेशन), अख्ख्या कंटेनरमध्ये, म्हणजे बीन सांभाळणाऱ्या स्प्रिंगच्या भागात, ती वस्तू एकच. टॉमकॅट हा वेब सर्व्हर मात्र स्प्रिंग बूटच्या (तयार सेटिंगसह येणाऱ्या स्प्रिंगच्या) मूळ सेटिंगवर २०० थ्रेडपर्यंत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तेवढ्या कामकऱ्यांकडून, रिक्वेस्ट हाताळतो, आणि ते सगळे थ्रेड त्याच एका कंट्रोलरवर येऊन धडकतात. म्हणजे आमच्या दोन्ही काट्यांना मिळून एकच वही होती आणि दोघे त्याच ओळीवर लिहीत होते. दुसऱ्या काट्यावर नाव टाकलं गेलं की पहिल्याचं पुसलं.

हे आपल्या लॅपटॉपवर दिसत नाही, कारण आपण एकटे असतो. दाखवायचं असेल तर सगळ्यात सोपी युक्ती: नाव भरणं आणि पावती छापणं यांच्यामध्ये 'थ्रेड डॉट स्लीप' टाकून पाच सेकंद थांबवा. मग एक साधी खिडकी आणि एक इनकॉग्निटो खिडकी उघडून पाच सेकंदांच्या आत दोन वेगळी नावं टाका. दोन्हीकडे नंतर टाकलेलंच नाव उतरलं तर चोर सापडला. ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवणारी खूण) लावून बघणार असाल तर इंटेलिजे या एडिटरमध्ये ब्रेकपॉइंटवर उजवं क्लिक करून 'सस्पेंड'मध्ये 'ऑल' ऐवजी 'थ्रेड' निवडा. मुळात तिथे 'ऑल' असतं. एक थ्रेड थांबला की बाकीचेही थांबतात, मग दोघांची टक्कर होणार कुठून? आमचा अर्धा दिवस यातच गेला.

यावरचा इलाज साधा आहे. फील्ड काढा, लोकल व्हेरिएबल (मेथडपुरतंच जगणारं) करा, मेथडकडून मेथडकडे पॅरामीटरने द्या. आम्ही तेवढंच करायला हवं होतं. पण आमच्या टीममधल्या एका हुशार पोराने (ठीक आहे, तो मीच) वेगळा विचार केला.

दुसरा घोळ: प्रोटोटाइप लावला तरी तेच

मी म्हटलं, चालूगाडी सांभाळणारी एक वेगळी बीन करू, तिला @स्कोप मध्ये 'प्रोटोटाइप' देऊ. प्रोटोटाइप म्हणजे दर वेळी नवी वस्तू. प्रत्येक गाडीला नवी वही, घोळ संपला.

संपला नाही. कारण 'दर वेळी' म्हणजे कंटेनरकडे दर वेळी मागितल्यावर. आमचा कंट्रोलर ती बीन मागतो किती वेळा? एकदा. तो स्वतः जन्माला येताना. ॲप्लिकेशन चालू झालं, कंट्रोलर बनला, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (वस्तू बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) एक प्रोटोटाइप दिला गेला, आणि पुढे सीझनभर तोच हातात धरून तो बसला. बीन अशी आत देण्याला इंजेक्शन म्हणतात, आणि हा शब्द बरोबरच आहे: दवाखान्यात सुई एकदा टोचतात, दर पेशंट दारात आला म्हणून डॉक्टर स्वतःला टोचून घेत नाहीत.

स्कोपचा सगळा प्रश्न इथे आहे. बीनवर कुठला स्कोप लिहिला हे अर्धंच. ती बीन कोणाच्या हातात आहे आणि तो धरणारा किती जगतो, हे बघावं लागतं. काट्यावर बसून विचार केला की पटकन कळतं. लोखंडी काटा वर्षानुवर्षं तिथेच आहे. ऑपरेटर आपल्या पाळीपुरता आहे. गाडी काट्यावर दोन मिनिटं आहे. ऑपरेटरला काटा माहीत असणं ठीक, कारण काटा त्याच्या नंतरही राहणार आहे. पण काट्याच्या लोखंडावरच 'आजची गाडी अमुक' असं रंगवून ठेवलं तर उद्याच्या गाडीचं काय? जास्त जगणाऱ्याने कमी जगणाऱ्याला फील्डमध्ये धरलं की हा घोळ होणारच. उलट दिशेला काही त्रास नाही.

प्रोटोटाइपच खरंच हवा असेल तर कंट्रोलरमध्ये बीन न घेता 'ऑब्जेक्टप्रोव्हायडर' घ्या आणि मेथडच्या आत, गरज पडेल तेव्हा, त्याची 'गेटऑब्जेक्ट' मेथड बोलवा. मग दर वेळी खरोखर नवी वस्तू मिळते. @लुकअप मेथडनेही तेच साधतं, मला ते वाचायला अवघड वाटतं. आणि एक गोष्ट विसरू नका: प्रोटोटाइपची @प्रीडिस्ट्रॉय (शेवटची आवराआवर करणारी) मेथड स्प्रिंग बोलवत नाही. बनवून दिली की त्याची जबाबदारी संपली. फाइल किंवा पोर्ट उघडलं असेल तर बंद तुम्हीच करायचं. आमच्या काट्याचा सीरियल पोर्ट असाच अडकून पडला होता.

रिक्वेस्ट स्कोप, आणि प्रॉक्सीच्या गमती

मग आम्ही बीनला 'रिक्वेस्ट' स्कोप दिला, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला वेगळी बीन. आता ॲप्लिकेशन चालूच होईना. एररमध्ये लिहिलेलं: 'स्कोप रिक्वेस्ट इज नॉट ॲक्टिव्ह फॉर द करंट थ्रेड', आणि पुढे सल्ला, की सिंगलटनमधून वापरायचं असेल तर स्कोप्ड प्रॉक्सी लावा. खरं सांगू, ही एरर बघून मला बरं वाटलं. प्रोटोटाइप गुपचूप चुकीचा चालतो आणि दोन महिन्यांनी शेतकरी दारात उभा करतो. ही निदान सुरुवातीलाच बोंब मारते. कारणही सरळ आहे: कंट्रोलर बनतो तेव्हा कुठलीच रिक्वेस्ट चालू नसते, मग रिक्वेस्टची बीन आणायची कुठून?

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. कंट्रोलरला खरी बीन न देता तिच्यासारखी दिसणारी एक खोटी वस्तू दिली जाते. तिची मेथड बोलावली की ती चालू थ्रेडवरची रिक्वेस्ट बघते, त्या रिक्वेस्टची खरी बीन शोधते आणि काम तिच्याकडे सोपवते. जुन्या पद्धतीने @स्कोप लिहीत असाल तर 'प्रॉक्सीमोड' मध्ये 'टार्गेट क्लास' आठवणीने द्यावं लागतं, कारण मुळात प्रॉक्सी नसते. २०१६च्या स्प्रिंग ४.३ पासून @रिक्वेस्टस्कोप आणि @सेशनस्कोप आहेत, त्यांत ते आधीच दिलेलं आहे. तेच वापरा.

आता प्रॉक्सीची गंमत. दुरुस्ती चढवली आणि पहिलीच पावती आली: निव्वळ वजन ० किलो. नाव बरोबर, गाव बरोबर, वजन शून्य. त्या क्लासमध्ये निव्वळ वजन काढणारी मेथड 'फायनल' होती. स्प्रिंगची ही प्रॉक्सी तुमच्या क्लासची सबक्लास (त्यापासूनच निघालेला क्लास) असते, आणि फायनल मेथड सबक्लासला बदलता येत नाही. म्हणून ती मेथड खऱ्या बीनवर न जाता थेट प्रॉक्सीच्याच अंगावर चालली. प्रॉक्सीची स्वतःची फील्डं कधी भरलेलीच नसतात: आकडे शून्य, बाकी सगळं नल (रिकामं). पब्लिक फील्ड थेट वाचलंत तरी हेच होतं. त्यामुळे स्कोप असलेल्या बीनमध्ये फायनल मेथड नको, पब्लिक फील्ड नको, गेटर (फील्ड वाचून देणारी मेथड) वापरा. क्लासच फायनल असेल तर प्रॉक्सी बनतच नाही, ती एरर निदान दिसते.

दुसरी फसगत तपासणीत होते. दोन रिक्वेस्टना वेगवेगळ्या बीन मिळतात का हे बघायला आम्ही कंट्रोलरमधून त्या बीनचा 'आयडेंटिटी हॅशकोड' (वस्तूच्या ओळखीचा आकडा) छापला. दोन्हीकडे तोच आकडा. तासभर डोकं धरून बसलो. तो आकडा मधल्या माणसाचा होता, आणि मधला माणूस एकच असतो. हॅशकोड बीनच्या आतून, तिच्या एखाद्या मेथडमधून 'धिस'चा (म्हणजे तिचा स्वतःचा) छापा, सोबत थ्रेडचं नाव. मग खरं चित्र दिसतं. हातात प्रॉक्सी आहे की खरी वस्तू हे कळायला 'गेटक्लास'चं नाव छापा, त्यात 'सीजीलिब' असा शब्द दिसला की प्रॉक्सी. 'टूस्ट्रिंग'वर (वस्तूचं वर्णन देणाऱ्या मेथडवर) भरवसा ठेवू नका, ती खऱ्या बीनकडे जाते आणि प्रॉक्सी नाहीच असं भासवते.

सेशन: इथे आम्ही सगळ्यात जास्त चुकलो

कापसाची गाडी दोनदा मोजतात. आधी भरलेली. मग ती आत यार्डात जाते, कापूस खाली होतो, आणि रिकामी गाडी परत काट्यावर येते. दोन्हीतला फरक म्हणजे माल. मध्ये अर्धा तास जातो, रांग असली तर दीड तास. म्हणजे भरलेल्या वजनाची रिक्वेस्ट वेगळी, रिकाम्याची वेगळी. रिक्वेस्ट स्कोपची बीन पहिल्या वजनानंतरच विरघळून गेलेली.

मग काय, @सेशनस्कोप. ऑपरेटर लॉगिन आहे तोवर बीन राहील. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन.

आप्पांनी ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले होते. एकात भरलेल्या गाड्या, दुसऱ्यात रिकाम्या. त्यांच्या कामाला ते अगदी योग्य होतं, मी त्या खुर्चीवर असतो तर तेच केलं असतं. पण सेशन ओळखला जातो जेसेशनआयडी कुकीवरून, आणि एका ब्राउझरच्या सगळ्या टॅबना कुकी एकच. सर्व्हरच्या लेखी दोन टॅब म्हणजे एकच माणूस. एका टॅबने चालूगाडी बदलली की दुसऱ्याचीही बदलली. पहिलाच रोग, फक्त आता दोन माणसांऐवजी दोन टॅबमध्ये.

त्यात भर म्हणजे सेशनचं आयुष्य. स्प्रिंग बूटमध्ये मुळात ३० मिनिटं हालचाल झाली नाही की सेशन संपतो. जेवणाच्या सुट्टीत यार्डात अडकलेली गाडी बाहेर येईपर्यंत तिचं पहिलं वजन गायब. शिवाय बूट रीस्टार्ट झालं की मेमरीतले सेशन जातात, आणि आपल्याकडे लाइट जाणं म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. इन्व्हर्टर दोन तास चालतो, तिसऱ्या तासाला सर्व्हर झोपतो.

शेवटी लक्षात आलं, की आम्ही स्कोप निवडण्यात अडकलो होतो आणि प्रश्न स्कोपचा नव्हताच. भरलेल्या गाडीचं वजन ही आठवण नाही, ती नोंद आहे. तिची जागा डेटाबेसात. आता भरलेल्या वजनालाच टोकन नंबर पडतो, ओळ टेबलमध्ये जाते, आणि रिकामी गाडी आली की स्क्रीनवर टोकन टाकून तीच ओळ पुरी करतात. टॅब दोन उघडा नाहीतर दहा, लाइट जाऊ दे, रात्र उलटू दे. टोकन नंबर फॉर्ममधल्या लपलेल्या फील्डमधून प्रत्येक रिक्वेस्टसोबत जातो. चालूगाडीची बीन पुसून टाकली.

तेव्हापासून सेशनस्कोप दिसला की मी आधी विचारतो, हे लाइट गेल्यावर हरवलं तर चालेल का? ऑपरेटर कुठल्या काट्यावर बसलाय, कुठल्या प्रिंटरला पावती पाठवायची, स्क्रीन मराठीत हवी की इंग्रजीत, हे हरवलं तर परत निवडता येतं, ते सेशनमध्ये ठेवा. बाकी जवळपास सगळं टेबलात.

@असिंक आणि मेसेज

हे थोडक्यात. पावती झाली की शेतकऱ्याला मोबाइलवर मेसेज जातो. मेसेजवाली सेवा हळू म्हणून ती मेथड @असिंक (मागच्या मागे चालणारी) केली, आणि आत रिक्वेस्ट स्कोपच्या बीनमधून ऑपरेटरचं नाव वाचलं. लगेच तीच एरर, स्कोप ॲक्टिव्ह नाही. चालू रिक्वेस्ट कोणती हे स्प्रिंग 'थ्रेडलोकल'मध्ये, म्हणजे त्या थ्रेडच्याच खिशात, ठेवतो, आणि @असिंक म्हणजे दुसरा थ्रेड. त्याच्या खिशात काहीच नाही. @शेड्यूल्ड (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांचंही तेच, तिथे तर रिक्वेस्ट कधी नव्हतीच.

शोधलं की एक उपाय हमखास सापडतो: डिस्पॅचर सर्व्हलेटला (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या स्प्रिंगच्या भागाला) 'थ्रेड कॉन्टेक्स्ट इनहेरिटेबल' चालू करा, म्हणजे नव्या थ्रेडला जुन्याची रिक्वेस्ट वारशाने मिळेल. करू नका. हा वारसा थ्रेड जन्माला येताना एकदाच मिळतो, आणि पूलमधले (तयार ठेवलेल्या साठ्यातले) थ्रेड परत परत वापरले जातात. बूटच्या पूलमध्ये मुळात ८ थ्रेड असतात. पहिली आठ कामं निभावून जाऊ शकतात, नववं काम केव्हाच संपलेल्या रिक्वेस्टचा हात धरतं आणि पडतं. त्यापेक्षा असिंक मेथड बोलावण्याआधी लागणाऱ्या गोष्टी बीनमधून काढून साध्या पॅरामीटरने द्या: मोबाइल नंबर, नाव, वजन. बीन देऊ नका, तिच्यातली माहिती द्या.

स्प्रिंग नसेल, जकार्ता असेल तर

जकार्ता हा जावाचाच दुसरा संच. त्यातला वेब पानं बनवणारा भाग जेएसएफ (आता नाव फेसेस), आणि बीन सांभाळणारा भाग सीडीआय. धुळ्याच्या एका पतसंस्थेचं जुनं जेएसएफ ॲप्लिकेशन आमच्याकडे आलं तेव्हा तक्रार उलटी होती: फॉर्ममध्ये भरलेलं सगळं सेव्ह दाबताच गायब. क्लासवर @नेम्ड होतं, @सेशनस्कोप्डही होतं. सगळं ठीक दिसत होतं. चूक इम्पोर्टच्या (कुठल्या पॅकेजमधलं घ्यायचं ते सांगणाऱ्या) ओळीत. @सेशनस्कोप्ड नावाचे दोन ॲनोटेशन आहेत, एक 'जावाएक्स फेसेस बीन' पॅकेजमधलं जुनं, एक 'जावाएक्स एंटरप्राइज कॉन्टेक्स्ट'मधलं सीडीआयचं. आयडीईने (कोड लिहायच्या एडिटरने) सुचवलेलं पहिलं कोणीतरी एंटर दाबून घेतलेलं. @नेम्ड सीडीआयचं असल्याने बीन सीडीआय सांभाळतो, त्याला जुनं ॲनोटेशन स्कोप म्हणून ओळखूच येत नाही. मग तो बीनला @डिपेंडंट (मागणाऱ्यापुरतीच जगणारी) समजतो, आणि पानावरून नाव घेतलं की दर वेळी नवी वस्तू. भरलेलं एका वस्तूत, सेव्ह दुसरीच. ते जुनं पॅकेज जेएसएफ २.३ मध्ये कालबाह्य ठरवलं आणि फेसेस ४.० मधून काढूनच टाकलं, त्यामुळे नव्या प्रोजेक्टात हा सापळा उरलेला नाही. जुन्यात भरपूर आहे.

आमच्या टॅबवाल्या प्रश्नाला फेसेसमध्ये @व्ह्यूस्कोप्ड हे चांगलं उत्तर आहे, प्रत्येक उघडलेल्या पानाची बीन वेगळी. ते मात्र 'फेसेस व्ह्यू' पॅकेजमधलं घ्या. सीडीआयची आणखी एक गोष्ट मला आवडते: रिक्वेस्ट, सेशन, ॲप्लिकेशन या स्कोपच्या बीनला तो प्रॉक्सी स्वतःहून लावतो, विसरायची सोयच नाही. आणि अशा बीनमध्ये पब्लिक फील्ड किंवा फायनल मेथड ठेवलीत तर डिप्लॉय करतानाच (सर्व्हरवर चढवतानाच) अडवतो. सेशन स्कोपची बीन 'सीरियलायझेबल' (बाहेर साठवून परत आणता येण्याजोगी) नसेल तरी अडवतो. एवढा कडकपणा स्प्रिंगमध्ये असता तर आमची शून्य किलोची पावती निघालीच नसती.

आता आम्ही दर प्रोजेक्टच्या सुरुवातीला एक काम करतो. सगळी इंजेक्शन कन्स्ट्रक्टरमधून घ्यायची आणि त्या फील्डना 'फायनल' लावायचं, म्हणजे एकदा भरलं की बदलता येत नाही. (फील्डला, मेथडला नाही.) मग कंट्रोलर आणि सर्व्हिस क्लासमध्ये फायनल नसलेलं एखादं फील्ड उरलं की ते डोळ्यांत खुपतं, आणि साध्या सर्चनेही सापडतं. मागच्या आठवड्यात चोपड्याच्या एका दुकानाच्या बिलिंगमध्ये अशी दोन सापडली. एक नव्या मुलाचं होतं. दुसऱ्यावर कमिटमध्ये (कोड कोणी बदलला त्या नोंदीत) माझं नाव होतं.